अकराला लाईट जायच्या आत

मालवण,
मे २००९

प्रिय सर्वेश,

कंपनीच्या ऑफिसातून हे पत्र तुझ्या बोटीवर कधी पोचेल ते दर्याच जाणे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. सोमवारी आपला फोटो स्टुडिओ जाता जाता वाचला.

नवा प्रिंटर आपल्या कॉम्प्युटरला ओळखू येईना, म्हणून सकाळी त्याच्या लिनक्सचं अपडेट लावलं. मधेच नेट तुटलं आणि आतल्या प्रोग्रॅमच्या पॅकेजांची आपसात जुंपली. मशीन सुरू होताना लागते ती बूट इमेज बनवणारं पॅकेज निघून गेलेलं, आणि तू ज्याने दोन डिस्क जोडून एक केल्यास ते मात्र नवं होऊन बसलेलं. पहिल्याला परत घालायला गेले की दुसरं म्हणे, ते असेल तर मी नाही. जावाजावांचं भांडण बरं. मशीन चालू होतं तोवर ठीक, पण एकदा बंद पडलं की डिस्क न ओळखता तसंच पडून राहिलं असतं. अकराला लोडशेडिंग, आणि आपला यूपीएस पाच मिनिटांत मान टाकतो. आत या हंगामातल्या सगळ्या लग्नांचे फोटो. मसुऱ्याच्या सलोनीचं लग्न तर दोनच दिवस आधी झालेलं, आणि कॅमेऱ्याचं कार्ड मी पुसूनही टाकलेलं. सीडी रायटर महिनाभर बंद. म्हणजे दुसरी प्रत कुठेच नाही.

कुडाळला विकी भावोजींना फोन लावला. कॉम्प्युटर क्लासात शिकवतात ना! त्यांनी अर्धंच ऐकलं आणि म्हणाले, “वयनी, व्हय म्हण आणि मोकळी हो.” मशीन विचारतच होतं, पुढे जाऊ का, हो की नाही. मी वरच्या ओळी वाचल्या. हो म्हटलं असतं तर डिस्क जोडणारं पॅकेजच उपटून निघालं असतं. मी नाही म्हटलं.

मग सुचलं, दोघांतल्या एकाला मागे सरायला लावायचं. नेटवरून आधी उतरवलेली पॅकेजं मशीनमध्येच पडून असतात. त्यातलं डिस्कचं जुनं पॅकेज नव्याच्या जागी बसवलं आणि ते आपोआप बदलणार नाही असं बांधून ठेवलं. मग बूट इमेजवालं मुकाट आत आलं. इमेज नव्याने बनवली, डिस्क जोडणारं पॅकेज तिच्यात आलंय ना ते उघडून पाहिलं, आणि पंखा थांबला. यूपीएस ओरडायला लागला. मशीन नीट बंद केलं आणि घामाने भिजून तशीच बसून राहिले.

दुपारी लाईट आली तेव्हा बटण दाबायला बोट पुढे होईना. आई डबा घेऊन आलेल्या. घरात देवाला गाऱ्हाणं घालायचं ते तू. तू नाहीस, म्हणून त्यांनीच पदर सावरून घातलं, “बा देवा म्हाराजा, लेकरान काय चुकलामाकला आसात तर पोटात घाल आणि ह्या मशिनीक उभी कर.” शेजारची रूपाली आणि मी “व्हय म्हाराजा” म्हणालो. मशीन उठलं. सलोनीचे फोटो एकेक दिसायला लागले तशी मी रडले. आईसुद्धा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या फोनवर तू ठरवूनच टाकलंस, की गणपतीला उतरलास की स्टुडिओ विकी भावोजींना द्यायचा, मी पनवेलच्या फ्लॅटवर जायचं आणि तू पुन्हा बोटीवर. “तुका एकटीक झेपाचा नाय,” म्हणालास. मी गप्प राहिले, ते तू होकार समजलास. सर्वेश, माझं उत्तर नाही असं आहे. भावोजींना काल सांगून टाकलं. तुझी आठवण मला रोज येते, आणि त्या फ्लॅटमध्ये ती काही कमी येणार नाही. तेव्हा पुढच्या बोटीच्या करारावर सही करायच्या आधी विचार कर. लग्नसराईत मला स्टुडिओत एक माणूस कमी पडतो.

रागावलेली, पण तुझीच,
अनुजा