रोखीचा डबा

प्रिय करिश्मा,

आधी मला शिव्या घालून घे, मग वाच. आपल्या लाडवांच्या ऑनलाइन दुकानावरचं ‘माल आल्यावर पैसे’ मीच बंद केलं. रागाच्या भरात केलं. तुझी रूममेट दीपाली परवा नागपूरहून आली तेव्हा म्हणाली, “ते बिचारी होस्टेलात मोबाईल घेऊन बसली राह्यते, आन् तुहं दुकान तिले उभंच करत नाई.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण माझंही ऐक ना. पोंभुर्ण्याच्या बाजारात चारोळी आधी तळहातावर घेतात, चावून पाहतात, मग पैसे देतात. मला वाटलं, मोबाईलवरही तसंच चालेल. माय पहाटे मोहफुलं वेचते, सुकवते, भाजते, गूळ घालून लाडू वळते. अन् शहरातले हे लोक मजेत बटण दाबतात, कुरिअरवाला दारात आला की म्हणतात, “मागवलंच नाही!” डबा परत. जाण्यायेण्याचं भाडं माझ्या बोकांडी, आत लाडवांचा भुगा. एका डब्यात तर मुंग्यांचं लग्न लागलं होतं. कार्डही बंद केलं, कारण एका महाशयांनी लाडू खाल्ले आणि बँकेला कळवलं, हा व्यवहार आपला नव्हेच. बँकेने पैसे माझ्याकडून ओढून घेतले. उरलं फक्त यूपीआय. आधी पैसे, मग लाडू. कॉलेजात असताना मोठ्या ऑनलाइन दुकानांवर मीच खेकसायचो, काऊन नाई घेत आमच्याकडून रोख? आता कळलं काऊन. पण कळून काय उपयोग? फसवणारे दुसरीकडे गेले, बाहेर राहिलं आपलंच माणूस. बाबा रोज टोमणा मारतात, “कॉलेज सोडून दुकान मांडलं, आन् आता गिऱ्हाइकालेच हाकलून राह्यला!”

तुझं खातं तुझ्या भावाच्या, प्रफुलभाऊच्या मोबाईलला जोडलेलं. तू एक रुपया इकडे पाठवलास तरी टिंग त्याच्या खिशात वाजणार, आणि हा रोशन कोण, ते तो विचारणार. म्हणून तर तू रोखीने मागवायचीस, आणि लाडवांच्या तळाशी मी चिठ्ठी ठेवायचो. हे मी विसरलो! स्वतःवर इतका चिडलोय की सांगता येत नाही.

दीपालीने आणखी एक सांगितलं. रविवारी नागभीडचे पाहुणे तुला पाहायला येणार, तुझ्या वडलांनी, बापूजींनी अजून शब्द दिलेला नाही. म्हणून हे पत्र तिच्या हाती देतोय. आजपासून दुकानात रोख परत सुरू केली आहे, पण एकाच पिनकोडला. तुझ्या. आणि तू न मागवताच एक डबा पाठवला आहे. त्याच्या तळाशी चिठ्ठी नाही. ठेवून घेतलास, तर पाहुण्यांच्या आधी मी बापूजींपुढे येऊन उभा राहतो, प्रफुलभाऊला काय करायचं ते करू दे. नको असेल, तर कुरिअरवाल्याला सांग, मागवलंच नाही. या एका डब्याच्या भाड्यावरून मी चिडणार नाही.

डबा परत येईपर्यंत तरी तुझाच,
रोशन