नियम सतरा (क) प्रमाणे एक पाहुणी

साक्री, रविवार सकाळ,
पहिला चहा झाला, दुसरा यायचा आहे

तीर्थस्वरूप कोकिळाअक्काच्या चरणी धाकट्या ललितचा शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल असून वजन दोन किलोंनी वाढलं आहे (खानावळीचा त्यात काही हात नाही, हे निव्वळ आनंदाचं वजन आहे). तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींनी तंबाखू सोडली, की डबी फक्त या खिशातून त्या खिशात गेली? नशिराबादेत थंडी पडली असेल, तर माझा निळा स्वेटर दाजींनी खुशाल घालावा. बाह्या उसवू नयेत एवढंच.

पोस्टाचं पाकीट पाहून तुझ्या छातीत धस्स झालं असणार, म्हणून आधीच सांगतो की सगळं ठीक आहे. फोनवर तू मला 'जेवलास का' याच्या पुढे जाऊ देत नाहीस. शिवाय आमच्या कॉलेजच्या नियमपुस्तिकेतला चौथा नियम असा आहे की नवीन प्राध्यापकाने आपली प्रत्येक मागणी लेखी करावी. चार महिन्यांत मला त्याची इतकी सवय लागली आहे की परवा खानावळीत मी तिसरी भाकरी चिठ्ठी लिहून मागितली. वाढणाऱ्या बाईंनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि भाकरी दिली. म्हणजे नियम चांगलाच आहे.

ही पुस्तिका मला कशी मिळाली ते ऐक, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं. रुजू व्हायच्या दिवशी आमचे हेडक्लार्क झुलालनाना यांनी माझ्यासमोर एक कागद सरकवला. त्यावर छापलं होतं की मी नवीन प्राध्यापकांसाठीची नियम व सुविधा पुस्तिका वाचली असून ती मला मान्य आहे, खाली सही. मी सहज विचारलं, पुस्तिका कुठे आहे? झुलालनानांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत आजवर सगळ्यांनी सही केली होती, पुस्तिका कोणीच मागितली नव्हती. शेवटी शिपाई मंदाबाई म्हणाल्या की ती प्राचार्यांच्या काचेच्या कपाटात आहे, तपासणीची समिती आली की बाहेर काढतात आणि ती गेली की पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. मी म्हणालो, वाचल्याशिवाय सही करणार नाही. (तुला माहीतच आहे, मी बिस्किटाच्या पुड्यावरचंसुद्धा सगळं वाचतो.) दोन दिवस प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून मी ती वाचली. मंदाबाई दर तासाला येऊन पान कितवं ते बघून जायच्या.

आणि काय सांगू, खजिना सापडला. नवीन प्राध्यापकाला स्वतंत्र खुर्ची, कुलपाचं कपाट, ग्रंथालयातून एका वेळी दहा पुस्तकं, पहिल्या सत्रात कोणत्याही समितीचं जादा काम नाही, आणि अनुभवी मार्गदर्शक प्राध्यापक. सगळं छापलेलं, सहीशिक्क्यासह. मी त्याच संध्याकाळी पाच अर्ज दिले. खुर्ची मिळाली, एका हाताची, पण मी डावीकडे रेलत नाहीच. कपाट मिळालं, त्यात आधीच्या सरांची छत्री निघाली. समितीच्या कामातून मात्र मला फक्त दीड दिवस सूट मिळाली. मग प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की तुम्ही पुस्तिका वाचलेले एकमेव गृहस्थ आहात, तेव्हा तिच्या सुधारणा समितीचे सचिव तुम्हीच. मार्गदर्शक म्हणून हितेंद्र सर मिळाले. ते फार सज्जन आहेत आणि माझ्या आधी नऊ दिवस रुजू झाले आहेत. पहिल्या भेटीत मी त्यांना विचारलं की हजेरीपट कुठे जमा करायचा. ते म्हणाले, मीही तेच शोधतोय. तेव्हापासून आम्ही दोघं सगळं मंदाबाईंना विचारतो.

आता तासांचं सांगतो. जळगावला सहा वर्षं तासिकांवर शिकवलं तेव्हा पोरं मागच्या बाकावरून कागदी बाण मारायची. इथली पोरं डोंगरातल्या गावांतून पहाटेच्या एसटीनं येतात आणि काय सांगू तुला, देवमाणसं आहेत. दिवाळीनंतर मी वनस्पतिशास्त्रातलं परासरण शिकवायला घेतलं, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी कुठून कुठे आणि का जातं ते. फळ्यावर सूत्रं, बाण, पेशीची आकृती, तीन रंगांचे खडू. दर पाच मिनिटांनी मी विचारायचो, समजलं का? बेचाळीस माना एकदम हलायच्या, हो सर. एकानेही कधी शंका विचारली नाही. त्याच रात्री मी तुला फोन करून म्हणालो होतो की मी बहुधा फार चांगला शिक्षक आहे. तू म्हणालीस, जेवलास का?

तिसऱ्या आठवड्यात मी छोटी चाचणी घेतली. अक्षर सगळ्यांचं सुंदर. समास सोडलेले, तारखेखाली रेघ मारलेली. आणि उत्तर बेचाळिसांचं एकच, परासरण म्हणजे परासरणाची क्रिया होय. एकीने खाली जादा लिहिलं होतं की सर फार मन लावून शिकवतात. तो गठ्ठा घेऊन मी एका हाताच्या खुर्चीत बसलो आणि डावीकडे रेललो. खरंच पडलो. (लागलं नाही. तेल पाठवू नकोस.)

उचलायला मंदाबाईच आल्या. पेपर पाहून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. त्यांची पुतणी त्याच वर्गात आहे. म्हणाल्या, "सर, पोरेसले काहीच समजत नही. पन तुम्ही पाव्हना शेतस. भाजी अळणी शे, असं पाव्हनाना तोंडवर कोन सांगी?"

झालं होतं ते असं की मी जळगावकडचा, एवढ्या लांबून आलेला, खोली करून एकटा राहणारा. त्यांच्या लेखी मी सर नंतर, आधी पाहुणा. पाहुणा बोलतो तेव्हा मान हलवायची, त्याला वाईट वाटेल असं काही बोलायचं नाही. मी तीन आठवडे त्यांच्या घरी जेवायला बसल्यासारखा होतो आणि मला वाटत होतं की मीच वाढतोय. मी दुसऱ्या दिवशी वर्गात हात जोडून सांगितलं की बाबांनो, समजलं नाही तर सांगा, मला राग येणार नाही. बेचाळीस माना हलल्या, हो सर.

त्यातच गुरुवारी प्राचार्यांची नोटीस आली. नियम सतरा, खुला तास. त्यानंतर दोन आठवड्यांनी, गुरुवारीच, प्राचार्य, विद्यापीठाकडून एक तज्ज्ञ आणि विभागप्रमुख मागच्या बाकावर बसून माझा तास बघणार. त्यांचा अहवाल माझ्या फायलीत जाणार आणि वर्ष संपताना मला कायम करायचं की नमस्कार करायचा ते त्या अहवालावर ठरणार. तज्ज्ञ म्हणे तास संपल्यावर पोरांना दोन प्रश्न विचारतात. विषयही नोटिशीतच दिला आहे. परासरण. अक्का, सहा वर्षं मी तासाच्या हिशेबानं जगलो, सुट्टी लागली की पगार बंद. ही नोकरी गेली तर मला पुन्हा तिकडेच जावं लागेल, आणि या वयात आता जाववणार नाही. हे तुला आजवर फोनवर बोललो नाही, कारण मी जेवलो होतो.

पण मी घाबरलेलो नाही, उलट कालपासून माझ्या अंगात वारं शिरलं आहे. काल पुस्तिका पुन्हा काढली, तेव्हा एकदम असोद्याचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. सातवीनंतर तुझी शाळा सुटली आणि माझी पाचवी सुरू झाली. तू भाकऱ्या थापायचीस आणि मी पुस्तक घेऊन समोर बसायचो, कारण तुझा दंडक होता की आज जे शिकलास ते मला समजव, मग जेव. मी घडाघडा म्हणून दाखवायचो. तू तव्यावरची नजर न काढता म्हणायचीस, "मले नही समजलं. पुन्हा सांग." मी रडकुंडीला यायचो, पोटात कावळे, आणि पुन्हा सांगायचो. अकरावीत हेच परासरण मी तुला चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा तू पीठ झटकत म्हणालीस, "म्हनजे कैरीले मीठ लावलं का पानी सुटतं, ते?" तोवर माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा परासरण शिकलो, आणि कैरीच्या फोडीबरोबर दोन भाकरी खाल्ल्या.

असो. लांबलं. दुसरा चहा आला आणि निवलाही. दाजींना नमस्कार, भाच्यांना गोड पापा (मोठा आता दाढी करतो हे लक्षात आहे, तरीही).

तुझा
ललित

ता. क. एक काम आहे. मी असोद्याचा आहे हे स्टाफला कळल्यापासून सगळे भरिताची वांगी मागतात. नवीन माणसाने भरीत खिलवायचं असा इथे रिवाज आहे, पुस्तिकेत नाही. पाच-सहा किलो पाठव. हिरवी, मोठी, कमी बियांची. भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्या मंदाबाई आणणार आहेत.

ता. क. २. वांगी पाठवू नकोस, घेऊन ये. नियम सतरा, पोटनियम क असं म्हणतो की खुल्या तासाला नवीन प्राध्यापकास आपल्या पसंतीचा एक पाहुणा बोलावता येईल, आणि त्या पाहुण्यास तासात प्रश्न विचारण्याची मुभा राहील. अकरा वर्षांत हे कोणी वापरलेलं नाही. मी काल तुझं नाव लिहून अर्ज दिला. झुलालनानांनी विचारलं, पाहुण्यांचं शिक्षण? मी म्हणालो सातवी, आणि शिक्षणाची अट कुठे लिहिली आहे ते दाखवा. त्यांनी सगळी पुस्तिका चाळली, अट कुठे निघाली नाही. तू येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या बुधवारी सकाळी जळगावहून धुळ्याची गाडी धर, तिथून साक्रीची. मी स्टँडवर आहे. गुरुवारी पहिल्या बाकावर बस आणि नाही समजलं तर तव्यासमोर बसून म्हणायचीस तस्सं म्हण. तज्ज्ञांसमोर लाजू नकोस. एक पाहुणी उघड बोलली की बेचाळीस जणांचं तोंड उघडेल, कारण पाहुणीला एकटं पाडायचं नाही हेही त्यांच्यात आहे. मिठाचा पुडा आणि कैऱ्या मी बघतो. (थंडीत कैऱ्या मिळत नाहीत हे आत्ता लिहिताना सुचलं. काकडी चालेल.)

ता. क. ३. दिवाळीत दाजी माझ्यापाशी एक बोलून गेले, ते तुला सांगणार नव्हतो. ते म्हणाले की तुझ्या अक्काला सगळं पहिल्याच खेपेला समजायचं, तुझं पक्कं व्हावं म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. खरं की खोटं ते मला कळवू नकोस. फक्त गुरुवारी चारपेक्षा जास्त वेळा विचारू नकोस, आमचा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचाच असतो.