इमामचा मैल

३ एप्रिल १९७९, मंगळवार. गडहिंग्लज

आज परत घंटी मारली!

कागलच्या अलीकडं, त्याच चिंचेपाशी. कुणी उतरणार नव्हतं, कुणी हात केला नव्हता. माझाच हात दोरीला गेला. यल्लाप्पा ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. पुढच्या सीटवरची बाई अंड्यांच्या पाटीसकट सरकली आणि तिनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बरोबरच आहे तिचं. यल्लाप्पा मान वळवून ओरडला, "कोन उतारतंय?" मी म्हटलं, "कोन न्हाय, चला." डबल घंटी दिली.

महिन्यात तिसरी वेळ ही. कंडक्टरच्या नोकरीत रोज दोनदा ती चिंच बघायची — जाताना डावीकडं, येताना उजवीकडं. दुसरा रूट द्या म्हणालो तर साहेब म्हणतात कारण लिहून दे. काय लिहू? तिथं इमाम पडला होता, असं लिहू?

६ एप्रिल

हंबीररावांचं कार्ड आलं. आमच्या वरच्या तालमीचे वस्ताद. अक्षर असं की प्रत्येक ओळ कुस्ती खेळल्यासारखी! २७ तारखेला रात्री पन्हाळ्याहून शिवजयंतीची ज्योत आणायची. "यंदा इमामचा मैल तूच पळावास अशी साऱ्यांची इच्छा आहे. त्याच्या अखेरच्या शब्दांचा बोर्ड तालमीच्या दारावर लावत आहोत."

पळ किस्नात, ज्योत थांबवू नको.

किस्नात म्हणजे मी. हे शब्द आता गावात पोराटोरांना पाठ आहेत. शाळेत मास्तरांनी फळ्यावर लिहिले होते म्हणे.

हे शब्द इमामचे नाहीत. माझे आहेत. मी बनवले — गेल्या शिवजयंतीला, सकाळी सात वाजता, तोंडाला गुलाल असताना.

कार्ड फाडलं. मग तुकडे गोळा करून वहीत ठेवले.

७ एप्रिल

झोप नाही. पहाटे चारला उठून नेसरीच्या रस्त्याला पळायला गेलो. सराव नको का! अर्ध्या मैलावर माझ्या पावलांच्या मध्ये आणखी पावलं ऐकू यायला लागली. मी थांबलो की दोन पावलं जास्त वाजायची. इमाम तसाच थांबायचा, एकदम नाही, दोन पावलं पुढं जाऊन.

वळून बघितलं नाही. चालत परत आलो.

१२ एप्रिल. गावी

सुट्टी होती, गेलो. आक्का म्हणाली, "वाळलायस की रं. मेसचं खातोस का नुसता वास घेतोस?" थोरली बहीण आहे, बोलणारच.

बादशहाभाईंच्या सायकल दुकानावरून जावंच लागतं. इमामचे थोरले भाऊ. घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसले होते. पूर्वी मी दिसलो की लांबूनच हाक मारायचे. आता नुसतं बघतात. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"त्येचा मैल तू पळनार म्हनं?"

"हंबीरराव म्हनत्यात."

"पळ की. तेलाचा डबा घिऊन म्या हायेच मागनं." आणि परत ट्यूब बुडवली.

रोशनचाचीनं हात धरून आत नेलं. त्यांची आई. भाकरी आणि अंड्याचं कालवण वाढलं. समोर बसून राहिली. म्हणाली, ह्या साली तुमची तिथी आणि आमचा चाँद एकाच रात्री येतोय — तुम्ही पळणार त्याच रात्री इमामची बरसी. मग तेच, नेहमीचं विचारलं.

"तरास न्हाय न्हवं झाला त्येला?"

"न्हाय चाची. जागीच गेला."

"बरं झालं. लई हळवं हुतं. काटा मोडला तरी रडायचं." तिनं मला आणखी अर्धी भाकरी वाढली. मी खाल्ली. सगळी खाल्ली!

१५ एप्रिल, रविवार

लिहून टाकतो. कागदाला तरी खरं सांगतो.

गावात दोन तालमी. शिवजयंतीच्या आदल्या रात्री दोघांच्या ज्योती पन्हाळ्यावर पेटतात. चाळीस मैल, चाळीस पोरं, एकेकाला एक मैल. टेम्पो पुढं जाऊन पोरं मैलामैलावर उतरवतो. मागून सायकलवर तेलवाला. ज्याचा मैल झाला तो मिळेल त्या ट्रकनं गावी. उजाडायच्या आत ज्याची ज्योत आधी चौकात, मान त्याचा. ज्योत विझायची नाही, भुईला टेकायची नाही, थांबायची नाही. लहानपणापासून हे तीन नियम आम्हाला आईच्या नावाआधी पाठ.

इमाम माझ्या आधीच्या मैलाला होता. आमच्यात सगळ्यात जोराचा. खालच्या तालमीची ज्योत पुढं गेलेली, ती त्याच्या मैलात गाठायची असं ठरलेलं. मी चिंचेपासून दोनशे पावलांवर उभा. त्यांची ज्योत माझ्यासमोरून गेली. मागून आमची येताना दिसली — काय येत होता! मग एक ट्रक आला. दिवे डोळ्यांवर आले, गेले. ज्योत एकदम खाली झाली.

पळत गेलो. इमाम पालथा पडला होता. पण उजवा हात वर! कोपर भुईवर टेकवून ज्योत वर धरून ठेवली होती. ट्रकच्या बाजूचा फटका बसला असावा. रक्त दिसलं नाही. म्हणाला, "धर." मी धरली. मग म्हणाला, "पाणी दे किस्नात. पोटात कसंतरीच हुतंय."

समोर त्यांची ज्योत. दोन फर्लांग असेल नसेल.

मी म्हटलं, "पाणी घिऊन आलोच." आणि पळालो. पुढं. गावाच्या दिशेनं.

मनात म्हणत होतो, मागून बादशहाभाई येतायत, ते बघतील. त्यांच्या सायकलची चेन पडली होती, ते मागं राहिले होते, हे मला माहीत नव्हतं. पण खरं सांगायचं तर तेही निमित्त. मला जिंकायचं होतं. आयुष्यात मी कधी कशात पहिला आलो नव्हतो.

मैलाच्या टोकाला ज्योत पुढच्याच्या हातात दिली. त्यानं विचारलं, "इमाम कसा पळाला रं?" मी म्हटलं, "भारी!" आणि भाजीच्या ट्रकला हात केला, गावाकडं जाणाऱ्या. उलटा गेलो नाही. त्या क्षणी उलटा जायला मला भीती वाटली. काय दिसेल ह्याची.

आम्ही जिंकलो. सात वाजता चौकात हलगी वाजत असताना दुसरा एक ट्रक आला. बादशहाभाई खाली उतरले. इमामला चादरीत गुंडाळलं होतं. हलगी थांबली. सगळे माझ्याकडं बघायला लागले, त्याच्यानंतर मीच होतो ना! आणि माझ्या तोंडातून ते वाक्य आलं. जागीच गेला म्हणालो. जाता जाता म्हणाला म्हणालो.

बादशहाभाई समोरच उभे होते. काही बोलले नाहीत.

१६ एप्रिल

काल लिहिलेलं वाचलं. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

१९ एप्रिल

आज माझा हात दोरीला नव्हता, मुद्दाम खिशात ठेवला होता. चिंच आली आणि मागच्या सीटवरचा मुरगूडचा एक म्हातारा म्हणाला, "ओ कंडक्टर, थांबवा की. कोनतरी पडलंय तितं."

मी वाकून बघितलं. रिकामा रस्ता. ऊन.

"कोन न्हाय बाबा."

"आसंल," म्हातारा म्हणाला. "डोळ्यांचं काय खरं न्हाय आता." आणि झोपला! मी मात्र कोल्हापूरपर्यंत तिकिटं चुकीची फाडली. एका गृहस्थाला कागलऐवजी निपाणीचं दिलं. त्यांनी नाव-नंबर लिहून घेतलाय. घेऊ देत.

२२ एप्रिल, रविवार. गावी

बोर्ड तयार आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं. हंबीरराव पेंटरच्या डोक्यावर उभे राहून "जरा ठळक, जरा ठळक" करत होते. मला म्हणाले, "पोरांस्नी कळाय पायजे, मरताना बी मानूस काय बोलतो." त्यांचे डोळे भरले. चांगला माणूस आहे. मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

सांगायचं. ठरलं. बादशहाभाईंना सांगायचं, त्याच जागी. चाचीला नाही. तिच्याकडं "तरास झाला न्हाय" एवढी एकच गोष्ट उरलीय. ती कशी काढून घेऊ? पण भाऊ आहे, त्याला हक्क आहे. मारला तर मारू दे.

२३ एप्रिल

नाही सांगायचं.

२६ एप्रिल

सांगायचं. उद्या रात्री.

२८ एप्रिल, शनिवार. गावी, दुपार

पाय भरून आलेत, तरी लिहितो.

रात्री टेम्पोनं मला त्या मैलावर उतरवलं. अंधार असा की स्वतःचा हात दिसेना. चाँद तर संध्याकाळीच दिसून बुडाला होता. तासभर एकटा बसलो. ट्रक जायचे, दिव्यांत झाडं उठायची, परत बसायची. दोन वाजायच्या सुमारास ज्योत आली. घेतली, पळालो. ह्या खेपेला आम्ही पुढं होतो, चांगले तीन फर्लांग.

आणि ती पावलं. बरोबरीनं. नेसरीच्या रस्त्यावर होती तीच. मी जोर केला की त्यांचा जोर. मी मोठ्यानं म्हटलं, "इमाम, माफ कर रं!" रडत पळत होतो. तेल मनगटावर ठिबकत होतं, चटके बसत होते, बरं वाटत होतं.

चिंचेपाशी थांबलो.

ज्योत घेऊन नुसता उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा नियम मोडला. मागून खालच्या तालमीचा पोरगा आला, म्हणाला, "काय झालं वो?" तो थोडा घुटमळला, मग गेला. त्याची ज्योत लहान होत होत दिसेनाशी झाली.

मग सायकल. बादशहाभाई.

"का थांबलास?"

सांगितलं. सगळं. तो जिवंत होता. पाणी मागत होता. मी आलोच म्हणालो आणि गेलो. ते शब्द माझे. मारा मला, म्हटलं.

त्यांनी सायकल चिंचेला टेकवली. डब्याचं बूच काढलं. ज्योत तेवढ्यात मंद झाली होती — तिच्यावर बेतानं तेल ओतलं, एक थेंब वाया न घालवता. माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही.

"पळ," म्हणाले. "फुडं पोरगं वाट बघतंय."

एवढंच!

हरलो. हंबीरराव चौकात, त्या बोर्डाखाली उभे राहून सगळ्यांसमोर ओरडले, "थांबलास? त्येच्या मैलात थांबलास?" पोरं माझ्याशी बोलत नाहीत.

पण लाज वाटते लिहायला, मला हलकं वाटतंय. वर्षात पहिल्यांदा. घरी येऊन पडलो ते बारापर्यंत ढाराढूर झोपलो. पावलं नाहीत, काही नाही.

२९ एप्रिल. गडहिंग्लज

आज चिंच कधी गेली कळलंही नाही. एका बाईशी तिच्या कोंबडीच्या तिकिटावरून भांडत होतो. यल्लाप्पा म्हणाला, "आज ठीक दिसतोस की, मर्दा." हसलो.

३० एप्रिल, सोमवार

बादशहाभाई स्टँडवर आले होते. कधी आले नव्हते इथं. चहा नको म्हणाले. उभ्यानंच बोलले.

"म्या पोचलो तवा बोलत हुता त्यो. चांगला बोलत हुता. म्हनला, किस्नात पाणी आनाय गेलाय, आलोच म्हनलाय. दोन ट्रका गेल्या. म्या हात कराय उठलो तर मनगाट धरलं माजं. त्यो आल्याबिगर हलायचं न्हाय भाई, म्हनला, चुकामूक हुईल. त्येला तू सोडलास. ट्रका म्या सोडल्या. म्हून वरीसभर गप हुतो."

अर्धा तास थांबले दोघं तिथं. मग इमाम शेवटचं म्हणाला, "आला बघ."

रस्त्यावर कोणी नव्हतं.