मैनेच्या पुढ्यातला मका

१८ नोव्हेंबर

मैनेनं आज पाटीला तोंड लावलं नाही! एरवी पाटी हातात दिसली की खिंकाळते. आज नुसतं हुंगलं आणि खुंट्याभोवती फिरत राहिली, एकाच अंगानं. खालचा ओठ लोंबतोय. आत्या म्हणाल्या, परवाच्या वरातीत डीजेनं बिचकली असंल.

मामंजी गेल्यावर सगळे म्हणत होते, घोडी विका, बाईमाणूस लगाम धरून वरातीत चालणार आहे का? आत्या चालल्या. डोक्यावर पदर, पायात मामंजींचे बूट! आता घाटनांदूरच्या आसपास लोक लग्न ठरलं की आधी छबुबाईची घोडी ठरवतात. माझ्या लग्नात प्रविण मैनेवरच बसून आले होते. अशी सासू मिळेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर

भिंतीला कपाळ लावून उभी आहे. ढकलते भिंतीला. डोळ्यापुढं हात हलवला — पापणी हलली नाही.

प्रविण अंबाजोगाईहून जनावरांच्या डॉक्टर रोहिणी मॅडमना घेऊन आले. त्यांनी आधी विचारलं, खायला काय घालता? कडबा आणि मक्याचा भरडा. मका दोन घरचा. अर्धा एकर आमचा, तो परतीच्या पावसात ताटावरच भिजला होता, पण नंतर कडक वाळवला. शिवाय दोन पोती शेजारच्या नवनाथभाऊंकडून, दिवाळीनंतर आणलेली.

मॅडम म्हणाल्या, मक्यावर फ्युजेरियम नावाची बुरशी येते, तिचं विष घोड्या-गाढवांच्या मेंदूवर जातं. वाळवून, भरडून ते जात नाही. दाणा वरून चांगलाही दिसू शकतो. मी औषध विचारलं. नाही म्हणाल्या, सरळ. खोटी आशा लावली नाही, ते मला आवडलं.

२० नोव्हेंबर

मैना गेली.

२१ नोव्हेंबर

काल पुढं लिहवलं नाही.

मॅडम म्हणाल्या, खात्री करायची तर डोकं उघडून बघावं लागेल. प्रविण नाही म्हणाले. जिची हळद-कुंकू लावून पूजा होते, तिच्यावर कुऱ्हाड? आत्या मैनेच्या तोंडाशी बसून होत्या. त्यांनी एकच विचारलं.

"ह्येनं दुसऱ्याचं जनावर वाचंल का?"

मॅडम म्हणाल्या, वाचेल.

"मंग फोडा. मी हितंच बसते."

आणि बसल्या! मैनेचा कान हातात धरून. मी मैनेकडं बघितलंच नाही, आत्यांकडं बघत राहिले. मेंदूची एक बाजू पाणी सुटलेल्या दह्यासारखी झाली होती म्हणे. मॅडमनी दोन्ही घरच्या मक्याचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरले.

खड्डा नवनाथभाऊंनी स्वतः खणला. माती लोटून झाल्यावर आत्यांनी त्यांना सांगितलं, तुझी गाढवं बी मकाच खात्यात, बंद कर. त्यांच्या वीटभट्टीवर सहा गाढवं आहेत. मॅडम म्हणत होत्या, अहवाल येईपर्यंत नुसता बाजूला ठेवा. पण नवनाथभाऊंनी घरी खायला ठेवलेल्या मक्यासकट सगळा नेऊन पुरला. पोरंबाळं आहेत घरात, एवढंच म्हणाले. आमचा आम्ही पोत्यांत बांधून ठेवला.

२४ नोव्हेंबर

पारावर एकच विषय — नवनाथनं सडका मका देऊन विधवा बाईची घोडी मारली. चुलतसासरे त्रिंबकमामा तर घरी येऊन बसले. पंचायतीत ओढू म्हणाले, घोडी भरून मागू.

तेवढ्यात नवनाथभाऊच आले. अंगणातच उभे राहिले. म्हणाले, "मावशे, माझ्या मक्यानं झालं असंल तर पंचायत काहून? तू म्हणशील ते मला कबूल."

आत्यांनी त्यांना आत बोलावलं. त्रिंबकमामांना म्हणाल्या, अजून काही कळलेलं नाही, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. मग दोघांपुढं चहा ठेवला. एकाच घरात, समोरासमोर! मला हे जमलं नसतं. मी मनात नवनाथभाऊंना कितीतरी बोलून बसले होते.

२ डिसेंबर

आज आत्यांनी गोठा धुतला. कुणाला हात लावू दिला नाही.

६ डिसेंबर

नवनाथभाऊंची सहाही गाढवं ठणठणीत! बायका नळावर म्हणत होत्या, छबुबाईनं वेळेवर सांगितलं म्हणून वाचली. ऐकून ऊर भरून आला.

नवनाथभाऊ मात्र पारावर बसायचे बंद झालेत. बाहेरच्या वाटेनं भट्टीवर जातात. परवा रस्त्यात भेटले, मान खाली घालून गेले. लोक म्हणतात, खात असंल मन.

११ डिसेंबर

सकाळी मॅडमचा फोन आला. दोन्ही नमुने तपासून झाले. नवनाथभाऊंचा मका स्वच्छ. विष निघालं ते आमच्या रानातल्या मक्यात. तेही थोडंथोडकं नाही.

आत्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. तिथंच चुलीपुढं बसल्या.

"माझ्याच हातानं चारला म्हंजी."

मग उठल्या, तोंडावर पाणी मारलं, पायात चप्पल घातली. मी म्हटलं, थांबा, नवनाथभाऊंकडं मीही येते.

"त्येच्याकडं मागून जाऊ. आदी पारावर चल."