राइट फील्डमधली अनिका

ईडन प्रेरी,
१८ मे २०२५

ती. बाबांना, श्रीरंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठणठणीत आहोत. फोनवर आपली गाडी 'बीपी कसंय' आणि 'पाऊस आहे का' यापुढे जात नाही, म्हणून आज कागद घेतला.

शाळेचं म्हणाल तर तुमच्या कऱ्हाडच्या शाळेसारखंच, फक्त छडी नाही आणि ईमेल फार. सातवीतल्या एका पोराने गणिताचा होमवर्क दिला नाही. का रे, तर म्हणे लॅपटॉप अपडेट होत होता. चार दिवस! मी काही बोलायच्या आत त्याच्या आईचा ईमेल हजर, लॅपटॉपची बाजू घेणारा. सॉफ्टवेअर सोडून मी मास्तर झालो तेव्हा तुम्ही का हसला होतात, ते आता कळतंय.

संध्याकाळी बेसबॉलचं कोचिंग. एकाला बूट सापडत नाहीत, दुसरा मॅच चालू असताना गवत उपटत बसतो. एप्रिलमध्ये प्रॅक्टिसच्या दिवशी बर्फ पडला. चेंडू पांढरा, मैदान पांढरं, बसा शोधत!

गाडीत तरी सुख असावं म्हणून माझा लाडका, श्रोत्यांच्या पैशांवर चालणारा पब्लिक रेडिओ लावतो, तर सध्या त्यांचा वर्गणी मागायचा आठवडा. बातमी रंगात आली रे आली की बातम्या देणाऱ्या बाई थांबतात आणि श्रोत्यांना मदतीचं आवाहन करतात. अहो बाई, मी दिलीय! पुढे काय झालं ते सांगा आधी! मी असा रेडिओशी भांडायला लागलो की शेजारी बसलेली तुमची नात अनिका खो खो हसते.

काल मात्र हसली नाही.

सांगूनच टाकतो. अनिका माझ्याच टीममध्ये आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण ती कशी खेळते हे मी कधी बोललो नाही. बाबा, फार सुरेख खेळते हो! सेकंड बेसला, म्हणजे जिथे सारखे चेंडू येतात तिथे, उभी राहिली तर तिच्या हातून चेंडू सुटत नाही. पण मी तिला तिथे उभंच करत नाही. कोचची मुलगी, लोक काय म्हणतील! लीगच्या नियमाने प्रत्येकाला सहापैकी निदान दोन इनिंग द्याव्याच लागतात, तेवढ्याच देतो, त्याही राइट फील्डला, जिथे चेंडू वाट चुकला तरच येतो. काल सेकंड बेसवरच्या पोराने तीन सोपे चेंडू सोडले. आम्ही हरलो, आणि अनिका बाकावर बसून ते बघत होती.

परतताना तिने रेडिओ बंद केला आणि म्हणाली, "डॅड, मी दुसऱ्या कुणाची मुलगी असते तर मला खेळवलं असतंस ना?"

हाच प्रश्न मला तुम्हाला विचारायचा होता. १९९१ची आंतरशालेय क्रिकेट फायनल. तुम्ही खेळाचे सर, नेटमध्ये मी सगळ्यांत चांगला बोलर, आणि तुम्ही मला पाणी न्यायला ठेवलंत. घरी येताना स्कूटरवर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, मीही नाही. मी चिडलो होतो, बाबा. खरं सांगू? अजून चिडलेलाच आहे. आणि तरी तुमचंच सगळं जसंच्या तसं केलं, शहाण्यासारखं!

आज सकाळी पोहे खाताना तिला म्हटलं, "अनिका, चूक माझी. तू टीममधली बेस्ट सेकंड बेस आहेस. मी लोकांना घाबरलो."

"आय नो," म्हणाली, आणि आणखी पोहे वाढून घेतले. येत्या शनिवारी सेकंड बेसला तीच. कुणाला काय म्हणायचंय ते म्हणू दे.

एवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं, बाबा. जीभ जड होते, पण जमतं.

मी त्या वर्षी खरंच चांगला बोलर होतो का, हे सांगू शकेल असं माणूस माझ्यासाठी तुम्हीच आहात. मी तुमचा मुलगा आहे हे क्षणभर विसरा आणि सांगा.

उत्तराची वाट बघणारा,
तुमचा बोलर,
श्रीरंग