डावा हात

ईस्ट लंडन
दक्षिण आफ्रिका
१९ जानेवारी १९९७

ती. वुयिसिलेदादास,
धाकट्या नोमाझीझीचा सा. न. वि. वि.

सुट्टी संपली, शनिवारच्या बसनं लुलामाला गावी परत पाठवते असं मी कळवलं होतं. ती उतरली नाही म्हणून आई रस्त्याकडे बघून बघून थकली असेल. दादा, हे पत्र आधी तू एकटा वाच आणि मग आईला नीट बसवून सांग. आपल्या लुलामाला कुत्र्यानं फाडलं. जीव वाचला आहे. हात राहील असं डॉक्टर म्हणतात, पण बोटं मिटतील की नाही हे कुणी सांगत नाही.

गुरुवारी दुपारी मला कामाला सुट्टी असते, बायकांच्या प्रार्थनेला जायचं असतं. माझा लाल ब्लाउज हॅलिडेबाईंच्या मागच्या अंगणात दोरीवर वाळत होता. मी इस्त्री तापायला ठेवली आणि लुलामाला म्हटलं, जा, घेऊन ये. एवढंच. माझी आठ वर्षांची पोर टाचा उंचावून दोरीवरचे चिमटे काढत होती.

बाईंचा भाऊ नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाला गेला आणि जाताना आपलं कुत्रं बहिणीच्या गळ्यात मारून गेला. वोल्फ नाव त्याचं. एरवी दिवसा ते साखळीला असतं. त्या दिवशी बाईंनी मोकळं सोडलं होतं. किंकाळी ऐकून मी धावले, तर ते लुलामाचा डावा हात धरून उभं. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. नुसतं धरून उभं! बाई सोड सोड म्हणून ओरडत होत्या, माळी पाणी मारत होता, पण ते ढिम्म हलेना. शेवटी मी तापलेली इस्त्री आणून त्याच्या नाकावर टेकवली तेव्हा सुटलं.

एकतीस टाके पडलेत. पोर बोलत नाही. हात पांघरुणाखाली लपवून छताकडे बघत पडते.

शेजारचं पिल्लू शेपटी हलवत आलं तरी तू खांबासारखा उभा राहतोस म्हणून मी तुला जन्मभर चिडवलं. यापुढे नाही चिडवणार. आईला माझा नमस्कार सांग आणि तुम्हा दोघांची माया पोरीवर राहू दे.

तुझी,
नोमाझीझी

—

त्सोमो
३० जानेवारी १९९७

चि. नोमाझीझीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दुकानदारानं हातात दिलं. दुकानाच्या ओट्यावरच वाचलं. आईला सांगितलं. ती रडली नाही. उठली आणि कोंबड्यांना दाणे टाकून आली. थोड्या वेळानं पुन्हा टाकून आली. तीनदा टाकले, मग मी टोपली काढून घेतली. आता ती म्हणते की पोरीला घरी आंबवलेल्या दुधाची अमासी पाजा, रक्त भरून येतं. तिथं दुकानात दही म्हणून मिळतं ते पाजू नकोस, असंही बजावलंय.

बसच्या ड्रायव्हरबरोबर मक्याची कणसं आणि लुलामाची चिंध्यांची बाहुली पाठवतो आहे. मला स्वतःला आत्ता येता येणार नाही. आईला एकटं कसं सोडू?

दोन-चार गोष्टी मात्र कळव. ते कुत्रं जर्मन शेफर्ड आहे का? त्याच्या डाव्या कानाचं टोक तुटलेलं आहे का? चिमटे काढताना लुलामाचा कोणता हात वर होता? बाईंच्या भावानं ते कुठून विकत घेतलं होतं, हे काढता आलं तर काढ. मला वेडा समजू नकोस, पण कळव.

लुलामाच्या कपाळाचा पापा घे. तुझ्यावर आमचा जीव आहे, हे विसरू नकोस.

तुझा दादा,
वुयिसिले

—

म्डान्त्साने, ईस्ट लंडन
११ मे १९९७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्ता बदललेला बघून घाबरू नकोस. हॅलिडेबाईंचं काम मी सोडलं आणि आमच्या प्रार्थनेच्या मंडळातल्या एका बाईकडे राहते आहे. का सोडलं ते ऐक, आणि माझ्यासारखाच तोंडात मारल्यासारखा हो.

विद्यापीठात गरिबांचे खटले फुकट चालवतात, तिथं मिस गोवेंडर म्हणून वकील आहेत. वयानं एवढ्या लहान, की आधी मी त्यांनाच विचारलं, वकील कुठे बसतात. त्यांनी समजावलं की इथल्या कायद्यानं कुत्रं चावलं तर मालकाची चूक नसली तरी त्याला भरपाई द्यावी लागते. बोटांच्या ऑपरेशनची, दुखण्याची, आणि मुलाच्या मनात भीती बसली तर तिचीसुद्धा. फक्त एक अट आहे. मुलानं कुत्र्याला डिवचलेलं नसावं.

आता आमच्या मागणीला हॅलिडेबाईंच्या विमा कंपनीचं उत्तर आलंय. म्हणे मुलीनं कुत्र्यावर हात उगारला, हॅलिडेबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. दादा, त्या बाईची दोन्ही पोरं मी पाठीवर बांधून वाढवली. अकरा वर्षं! आणि तिनं कागदावर सही करून माझ्या लेकीला भांडखोर ठरवलं.

आणि याहून वाईट म्हणजे लुलामालाही ते पटलंय. ती बोलायला लागली, पण काय बोलते? माझीच चूक झाली, मी हात वर केला होता. शाळेत उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. शाळेतल्या बाईंनी दोनदा रागावून विचारलं, तर हात मांडीखाली दाबून बसली आणि चड्डी ओली केली. वर्गातली पोरं हसली. मिस गोवेंडर म्हणतात की हात खरंच वर होता, आणि तो मारायला नव्हता हे आपल्याकडे सांगणारं कुणी नाही. हरलो तर ऑपरेशन विसरायचं, आणि ही पोर जन्मभर स्वतःलाच दोषी धरणार.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. हो, जर्मन शेफर्ड. हो, डाव्या कानाचं टोक नाही. डावाच हात वर होता, उजव्या हातात टोपली होती. माळी सांगतो की ते फूरी नावाच्या माणसाच्या फार्मवरून, पोर्ट एलिझाबेथकडून आणलेलं, खूप शिकवलेलं कुत्रं आहे. पण मला सांग, कानाचं तुला कसं माहीत?

आईला सांग, अमासी पाजते आहे. लोभ आहेच, तो धीराच्या रूपानं थोडा पाठव.

तुझी,
नोमाझीझी

—

त्सोमो
२ जून १९९७

चि. नोमाझीझीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

मी पोर्ट एलिझाबेथला तीन वर्षं गोणपाटाच्या कारखान्यात होतो, असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं. कारखाना नव्हताच. गोणपाट मात्र होतं. ते माझ्या डाव्या हाताला जाड गुंडाळलेलं असे. मी फूरीच्या फार्मवर कुत्र्यांपुढचा चोर होतो.

रोज सकाळी जुना कोट घालून मी कुंपणाआडून यायचं आणि डावा हात वर करायचा. कुत्रं सुटायचं आणि हात धरायचं. भुंकायचं नाही, हिसडायचं नाही, फूरी त्याचा शब्द उच्चारेपर्यंत धरून उभं राहायचं. तो शब्द माहीत नसेल तर कितीही ओरडा, सोडत नाही. चोराचं काम करायला फूरीनं कधी गोरा माणूस ठेवला नाही. कुत्र्यांना चोर ओळखायला शिकवतो असं तो गिऱ्हाइकांना सांगे. त्यांना आपली काळी माणसं ओळखायला शिकवत होते, नोमाझीझी, आणि शिकवणारा मी होतो. मला लाज वाटायची, आणि पगाराच्या दिवशी मी ती विसरायचो. आईच्या डोक्यावरचा पत्रा त्याच पगाराचा आहे.

वोल्फचा कान तारेत अडकून फाटला तेव्हा मीच तो धरून ठेवला होता. फार हुशार कुत्रं. एकदा शिकवलं की विसरायचं नाही.

लुलामानं त्याला डिवचलं नाही. त्यानं रागावून चावलं नाही. डावा हात वर गेला आणि त्यानं मी शिकवलेलं केलं. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला हे कळलं होतं. कळून चार महिने गप्प बसलो. यंत्रात हात सापडला म्हणून मी उन्हाळ्यातही पूर्ण बाहीचा शर्ट घालतो, हेही खोटं. खाली दात आहेत.

कोर्टात मी हे सांगितलं तर तुम्ही जिंकाल. मग आईला कळेल, गावाला कळेल, लुलामाला कळेल. तू म्हणशील तसं करीन.

माया राहू दे असं लिहीत नाही. मागायला तोंड नाही.

वुयिसिले

—

म्डान्त्साने
१४ जून १९९७

वुयिसिले,

पोस्टाच्या पायऱ्यांवर तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझ्या तोंडून काय आवाज निघाला कोण जाणे, एक अनोळखी बाई पाणी घेऊन धावत आली.

चार महिने! माझी पोर रोज मला विचारत होती, आई, मी हात का वर केला, आणि तुला उत्तर ठाऊक होतं.

खटला उभा राहिला की मिस गोवेंडर तारीख कळवतील. त्या दिवशी यायचं. माझ्या खोलीवर यायचं नाही. आईला तू स्वतः सांगायचं, माझ्यावर टाकायचं नाही.

अर्ध्या बाहीचा शर्ट घालून ये.

नोमाझीझी

—

म्डान्त्साने
२६ एप्रिल १९९८

प्रिय मामास,
लुलामाचा शि. सा. न. वि. वि. (असं लिहायचं हे आजीनं शिकवलं होतं.)

तू कोर्टातून लगेच बस पकडायला गेलास म्हणून मला काही बोलता आलं नाही. हॅलिडेबाईंचे वकील तुला म्हणाले की हे खरं कशावरून, तेव्हा तू बाही वर करायला गेलास. पण शर्ट अर्ध्या बाहीचाच होता. मग तू नुसता हात पुढे केलास. मिस गोवेंडरनी मला बोलावून माझा हात तुझ्या हाताशेजारी ठेवायला लावला. तुझ्या हातावर खूप खुणा आहेत आणि माझ्या थोड्या आहेत, पण जागा एकच. हॅलिडेबाई उठून बाहेर गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचे वकील आले आणि भरपाई देतो म्हणाले. ऑपरेशन जुलैत आहे. एका डॉक्टरीणबाईंकडे दर सोमवारी नुसतं बोलायला जायचं, त्याचेही पैसे ते देणार. बाकीचे मी मोठी होईपर्यंत सरकार सांभाळणार. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला समोर बोलावून सांगितलं की तुझी चूक नव्हती. तूही सांगितलंस, पण तू खाली बघून सांगितलंस.

आई तुला पत्र लिहीत नाही. पण हे लिहिताना ती मागे उभी होती, आणि पाकिटावरचा तुझा पत्ता तिनं घातला. तिकीटही तिनंच लावलं.

मंगळवारी वर्गात बाईंनी सोळा सत्ते किती विचारलं. मी आधी दाराकडे बघितलं. मग हात वर केला. डावाच केला. एकशे बारा.

पण हात वर होता तेव्हा माझ्या मनात एक आलं, आणि ते मी अजून कुणालाच विचारलेलं नाही. मामा, तू तिथं तीन वर्षं होतास. मग वोल्फ एकटाच नसेल ना? बाकीची कुत्री कुणाकुणाच्या घरी गेली? जेवढी आठवतात तेवढी लिहून पाठव, माझ्याकडे नवी वही आहे. त्या घरांमध्येही दोरीवर कपडे वाळत असतील.

उत्तर येईपर्यंत मी तुझ्यावर रागावणार नाही. लवकर लिही.

तुझी भाची,
लुलामा