सामानाचं भाडं

९ मे

करार जूनअखेर संपतो. घरमालक हनुमंतभाऊ कार्ल्याहून स्वतः आले. लोणावळ्यात दोन खोल्या आता वीस हजारांना जातात, आम्ही अकरा देतो. वाटलं, घर गेलं.

'भाडं न्हाई वाढवत, सर. शनवार-रव्वार तेवढं मोकळं करून द्या. पर्यटक ठिवतो.'

उज्ज्वला म्हणाली, टाकव्याला आईकडे जात जाऊ. मी हो म्हणालो. कॉलेज इथून चालत सात मिनिटं.

१९ मे

सोमवार. परत आलो. पाहुण्यांनी माझी पुस्तकं रंगांप्रमाणे लावून ठेवली आहेत. समीक्षा सगळी तपकिरी निघाली.

२७ मे

उज्ज्वलाने नवे पडदे शिवले. म्हणे, चार लोक येतात.

३ जून

हनुमंतभाऊंनी मोबाइलवरचे अभिप्राय वाचून दाखवले. 'लोणच्याची बरणी, पुस्तकं, पडदं — हितं खरंच कुणीतरी ऱ्हातं असं वाटतं म्हणत्यात.'

उज्ज्वला दिवसभर खुशीत. मीही.

११ जून

'आता आठवडाभर मागणी हाय, सर. तीस हजार जमंल का?'

नाही जमणार, म्हणालो.

'मग तुमी निघा. सामान ऱ्हाऊ द्या. सामानाचं म्हैन्याला बारा हजार देतो.'

आम्ही राहत होतो तेव्हा अकरा द्यायचो. नसलो की बारा मिळणार. करार अकरा महिन्यांचाच. सामानातर्फे मी सही केली.

उज्ज्वलाने विचारलं, बरणी तरी नेऊ?

'न्या की, वैनी. पर दुसरी भरून ठिवा.'

२९ जून

तळेगाव. दोन खोल्या, भाडं बारा हजार. सामान आम्हाला पोसतं आहे. आमच्याजवळ कपड्यांच्या दोन पिशव्या, एक सतरंजी, दोन ताटं.

६ जुलै

मी म्हटलं, निदान पडदे घेऊ.

'एक खिळा ठोकायचा नाही,' उज्ज्वला म्हणाली. 'घर चांगलं दिसलं की जातं.'

तिचं बरोबर आहे. बोललं की आवाज घुमतो. हळू बोलतो.

१८ जुलै

इथल्या घरमालकीण संगीताताई पहिल्यांदाच आत आल्या. चपला दारात काढून दोन्ही रिकाम्या खोल्यांतून हिंडल्या. 'किती शांत वाटतं हो इथे,' म्हणाल्या, आणि मोबाइल काढून भिंतींचे फोटो घेऊ लागल्या.